कपाट गुणिले i

“बाई, जी संख्या मुळात नाहीच, ती आम्हाला नापास कशी काय करू शकते?”

प्रश्न विचारून झाल्यावर भिंगरी उभीच राहिली, कारण बसायचं कसं ते ती विसरली होती. मागच्या बाकावर तिच्या दोन मैत्रिणी, एक चष्मेवाली आणि एक वेणीवाली, तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. हा प्रश्न गणिताच्या बाईंना, भर वर्गात, सरळ डोळ्यांत बघून विचारायचा. विचारला तर आठवडाभर भिंगरीचं दप्तर त्या दोघी तिसऱ्या मजल्यापर्यंत वाहणार. गेल्या वर्षीपर्यंत हीच मुलगी पाणी प्यायला जाऊ का, हेसुद्धा शेजारणीकडून विचारून घ्यायची. यंदा तिला काय झालं होतं कोण जाणे. तिचा आवाज आधी बाहेर पडायचा आणि भीती मागून धापा टाकत यायची.

उच्च गणिताच्या चाचणीत तिला चाळीसपैकी नऊ मिळाले होते. संमिश्र संख्यांनी घात केला होता. उणे एकचं वर्गमूळ म्हणे i. आहे का असं वर्गमूळ? नाही. मग लिहायचं कशाला? तर मार्क जातात म्हणून. याला न्याय म्हणतात का, असा भिंगरीचा साधा सवाल होता.

बाई रागावल्या नाहीत, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. त्या रागावल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं.

“इकडे ये,” बाई म्हणाल्या. “फळ्याकडे पाठ, वर्गाकडे तोंड. ही झालीस तू अधिक एक. आता स्वतःला i ने गुण.”

“म्हणजे काय करू?”

“डावीकडे पाव फेरी वळ.”

भिंगरी वळली. समोर दार आलं.

“पुन्हा i ने गुण.”

ती पुन्हा वळली. आता तोंड फळ्याकडे आणि पाठ वर्गाकडे.

“दोनदा i म्हणजे पाठ फिरली. अधिक एकची पाठ फिरली की काय होतं?”

“उणे एक,” भिंगरी फळ्याला म्हणाली. मग तिच्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं आणि तिने कोणी न सांगता स्वतःला आणखी दोनदा गुणून घेतलं. ती परत वर्गाकडे तोंड करून उभी राहिली. “बाई! चारदा गुणलं की जिथल्या तिथे!”

“बस आता. नाहीतर तास संपेपर्यंत गुणत राहशील.”

तिचं नाव भिंगरी काही उगाच पडलेलं नव्हतं.

घरी पोचेपर्यंत तिने वाटेतले दोन खांब, एक उभी सायकल आणि एक नाराज मांजर मनातल्या मनात i ने गुणलं होतं. जिना चढून दारातून आत येताच ती ओरडली, “आई, मी गणित सोडत नाहीये!”

आई दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर काम करायची. दिवसभर डॉक्टरांचं अक्षर वाचून ती घरी आली, की कुणाच्याही उत्साहावर तिचा पटकन विश्वास बसत नसे. तिच्यासमोर टेबलावर शाळेचा छापील अर्ज होता. ‘उच्च गणित सोडून साधे गणित घेण्याबाबत.’ खाली दोन सह्यांच्या जागा होत्या, पालकांची आणि विद्यार्थ्याची. अर्ज सोमवारपर्यंत द्यायचा होता. चष्मेवालीचा आणि वेणीवालीचा कधीच देऊन झाला होता.

“चाळीसपैकी नऊ,” आई म्हणाली. “आणि ते गणित घरात, दारात, कुठे म्हणून लागत नाही. मी इतकी वर्षं गोळ्या मोजते आहे, मला एकदाही उणे एकचं वर्गमूळ लागलं नाही.”

“ते मोजायला नसतं गं, वळवायला असतं! कुठलीही वस्तू पाव फेरी वळवायची असेल, तर तिचा कोपरा न् कोपरा कुठे जाईल ते आधीच कळतं.”

“अस्सं?” आईने चष्मा कपाळावर चढवला. हा चष्मा वर गेला की घरातली माणसं सावध व्हायची. “मग तुझ्या बाबांचं कपाट वळवून दाखव. वळलं तर अर्ज फाडून टाकते. नाही वळलं तर सोमवारी मुकाट्याने सही करायची.”

“कबूल!”

आता या कपाटाबद्दल सांगणं भाग आहे. बाबा नगररचना कार्यालयात आरेखक होते. आठ वर्षांपूर्वी सगळे नकाशे संगणकात गेले आणि नकाशे ठेवायचं अस्सल सागवानी कपाट कार्यालयाला नकोसं झालं. बाबांना ते बघवेना. त्यांनी ते घरी आणलं. चार फूट रुंद, तीन फूट खोल, छातीइतकं उंच आणि बारा पसरट खणांचं. “ते निवृत्त झालंय, टाकून दिलेलं नाही,” असं बाबा त्याच्याबद्दल सांगत. त्यांचे सगळे सदरे त्यात नकाशांसारखे सपाट पसरून असत. एका सदऱ्याला कधी घडी म्हणून पडली नव्हती, याचा त्यांना घराच्या कर्जफेडीपेक्षा जास्त अभिमान होता.

हे कपाट राहायचं मागच्या चिंचोळ्या खोलीत. खोलीची रुंदी साडेचार फूट आणि कपाट त्यात आडवं, दाराकडे तोंड करून. दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम अर्धा फूट फट उरायची. कपाटापलीकडे खोलीची एकुलती एक खिडकी आणि तिच्याजवळ ऐसपैस मोकळी जागा होती. तिथे आठ वर्षांत कोणाचं पाऊल पडलं नव्हतं. कपाट पाव फेरी वळलं तर तीन फुटांची बाजू आडवी येणार, मग ते एका भिंतीला सरकवलं की खिडकीपर्यंत दीड फुटाची वाट मोकळी होणार. खिडकीपाशी भिंगरीचं टेबल बसणार होतं. एका गुणाकारात गणितही वाचणार आणि खिडकीही मिळणार, असा तिचा हिशेब होता.

बाबांनी अर्ज उचलला. “हरवायला नको,” म्हणत तो कपाटाच्या सगळ्यात वरच्या, महत्त्वाच्या कागदांच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला. पुढे काय वाढून ठेवलं होतं याची त्यांना कल्पना असती, तर त्यांनी तो खिशात ठेवला असता, आणि सोबत दोन-चार सदरेही.

शनिवारी भिंगरी इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेली. जड सामान हलवायचं तर त्यांची लेखी परवानगी लागायची. सेक्रेटरी हा माणूस झोपेतसुद्धा रकाने आखत असावा.

“सामान आत येणार की बाहेर जाणार?”

“काहीच नाही, काका. जागच्या जागी वळणार.”

“तसा रकाना नाही.”

“पण ते कुठेच जात नाहीये!”

“कुठेच जात नाही तर परवानगी कशाला मागतेस?”

“नाही मागितली तर तुम्ही ओरडाल म्हणून.”

यावर सेक्रेटरींनी बराच विचार केला. शेवटी त्यांनी तिच्याकडून दोन अर्ज भरून घेतले. एकात कपाट रविवारी सकाळी दहा वाजता इमारतीबाहेर गेलं आणि दुसऱ्यात दहा वाजून पाच मिनिटांनी परत आलं. दोन्हींवर शिक्के बसले. कपाट घरात जागच्या जागी उभं असताना कागदोपत्री मात्र फिरून आलं.

शिक्क्यांचा आवाज ऐकून भिंगरीच्या घरासमोर राहणारे काका बाहेर आले. ते आगगाडीचे निवृत्त इंजिनचालक होते. “कपाट वळवायचंय? मला बोलवायचं सोडून कागद काय भरतेस! चाळीस वर्षं इंजिनं वळवली आहेत या हातांनी.”

“इंजिनं रुळांनी वळवली,” काकू आतून म्हणाल्या. “तुम्ही नुसते बसला होतात.”

खालच्या मजल्यावरच्या मावशींनी जिन्यातूनच सल्ला दिला की कपाटाखाली साबणाचं पाणी टाका, त्यांच्या वहिनींनी तसंच फ्रिज हलवला होता. फ्रिज थेट बाल्कनीत गेला, हे त्यांनी आणखी दोन जिने उतरल्यावर सांगितलं.

रविवारी सकाळी भिंगरी स्टूल घेऊन कपाटावर चढली आणि मधोमध खडूने फुली मारली. “हे शून्य,” तिने जाहीर केलं. “कपाट याच्याभोवती फिरणार.” आडवी दिशा वास्तव, खिडकीकडची दिशा i ची. शून्यापासून चार कोपरे : २ + १.५i, −२ + १.५i, −२ − १.५i आणि २ − १.५i. प्रत्येकाला i ने गुणून नवे कोपरे तिने भिंतीवरच लिहून काढले : −१.५ + २i, −१.५ − २i, १.५ − २i, १.५ + २i. भिंती शून्यापासून सव्वादोन फुटांवर आणि एकही कोपरा दीडच्या पुढे जात नव्हता. दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा बाबांकडून तपासून घेतलं. आरेखक माणूस, त्यांनी मान डोलावली. “सुबक आहे,” ते म्हणाले. आईने भिंतीवरच्या खडूकडे बघितलं आणि ती काही बोलली नाही. तिने काही न बोलणं हे सुद्धा त्या घरात सावध व्हायचंच कारण होतं, पण गडबडीत ते राहून गेलं.

समोरचे काका स्टुलावरून कपाटावर चढले आणि पलीकडे, खिडकीच्या बाजूला उतरले. आठ वर्षांत तिथे पोचलेला पहिला माणूस म्हणून त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि तीनदा शिंकले. त्यांनी मागचा डावा कोपरा दाराकडे ढकलायचा आणि बाबांनी पुढचा उजवा कोपरा खिडकीकडे, असं ठरलं. बाबांनी घामाने खराब नको म्हणून अंगातला सदरासुद्धा काढून खणात सपाट ठेवून दिला होता. आता ते बनियनवर आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यावर उभे होते.

“गुणा!” भिंगरी ओरडली.

घर्रर्र... कपाट हललं! चार बोटं, सहा बोटं, वीतभर वळलं. बाबांच्या चेहऱ्यावर हसू फुटायला आणि खाड् असा आवाज व्हायला एकच गाठ पडली. पुढचा उजवा कोपरा उजव्या भिंतीला, मागचा डावा डाव्या भिंतीला. कपाट तिरकं अडकलं.

“जोर कमी पडतोय!” काका पलीकडून ओरडले.

दोघांनी जोर लावला. मग आईनेही लावला, काकूंना बोलावलं, त्यांनीही लावला. दर जोराबरोबर कपाट आणखी घट्ट बसत गेलं. भिंतीचा रंग सोलून निघाला आणि त्याबरोबर ‘१.५ − २i’ मधलं १.५ ही गेलं.

“थांबा, थोडा वेळ खण काढून हलकं करू,” बाबा म्हणाले आणि त्यांनी वरचा खण ओढला. तो बोटभर आला आणि उजव्या भिंतीवर आपटला. दुसरा, तिसरा, बाराच्या बारा तसेच. कपाट तिरकं झाल्यामुळे सगळे खण सरळ भिंतीत घुसू पाहत होते.

मग बाबांनी स्वतःच्या बनियनकडे बघितलं.

“माझे सगळे सदरे आत आहेत.”

“आणि अर्ज,” आई म्हणाली.

“उद्या साहेबांसमोर नवा आराखडा मांडायचा आहे,” बाबांचा आवाज बारीक झाला. “उभं राहून.”

काकू लगेच समोर जाऊन काकांचा एक सदरा घेऊन आल्या. त्यात दोन बाबा आरामात मावले असते. बाबांनी तो अंगात घातला आणि बाह्यांमध्ये आपले हात शोधत बसले. सुताराला फोन लावला, तर तो म्हणाला बुधवारी येतो. सेक्रेटरी पाहणीला आले. त्यांनी अडकलेलं कपाट बघितलं, हातातले दोन कागद बघितले आणि कपाळाला हात लावला. “हे कपाट दहा पाचला परत आलेलं आहे. त्याला अडकताच येत नाही.” भिंत फोडायची असेल तर तीन प्रती लागतील, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. मावशींनी खालून साबणाची वडी पाठवली.

“अहो, तुम्ही तरी बाहेर या,” काकू कपाटाच्या वरून म्हणाल्या. “स्टूल देते.”

“इंजिन अडकलं तर चालक उतरून जात नसतो,” पलीकडून ठाम उत्तर आलं. “चहा मात्र दे.”

चहा कपाटावरून गेला. काका खिडकीत बसून तो प्यायले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला झालेला प्रकार पहिल्यापासून सांगू लागले. सांगण्यात भिंगरीचं नाव दर वाक्यात येत होतं.

भिंगरी स्वयंपाकघरात ओट्याखाली वही घेऊन बसली. बसली म्हणजे नुसती टेकली. पाय हलतच होते, पेन्सिल दाताखाली गेली होती आणि कान लाल झाले होते. उत्तर चुकलं असतं तर तिला इतकं लागलं नसतं. पण तिने गुणाकार पाचव्यांदा केला तरी तेच येत होतं. सुरुवातीला कपाट मावतं. वळल्यावरही मावतं. मग मावत नाही कुठे?

पेन्सिल थांबली.

मधे.

तिने i ने गुणलं होतं. i ने सुरुवात सांगितली आणि शेवट सांगितला. वाटेत कोपरा कुठून कुठून जातो, हे तिने त्याला विचारलंच नव्हतं. ती घाईघाईने पुढचा उजवा कोपरा घेऊन बसली. २ − १.५i. शून्यापासून हा कोपरा किती लांब? त्याला त्याच्या जोडीदाराने, म्हणजे २ + १.५i ने, गुणायचं. दोन दुणे चार. मधली दोन पदं एकमेकांना खातात. शेवटी उणे सव्वादोन गुणिले i चा वर्ग. चाचणीत नेमकं इथेच तिने ते उणे तसंच ठेवलं होतं आणि उत्तर पावणेदोन काढून मार्क घालवले होते. आता तिला फळ्याकडे तोंड करून उभी असलेली ती स्वतः दिसली. i चा वर्ग म्हणजे पाठ फिरते. उण्याची पाठ फिरली की अधिक. चार अधिक सव्वादोन, सव्वासहा. त्याचं वर्गमूळ अडीच.

अडीच! कपाट कितीही फिरवा, कोपरा शून्यापासून अडीच फुटांवरच राहणार. वाटेत कधी ना कधी तो बरोबर आडवा येणार, आणि भिंत तर सव्वादोनवर. दोन्हीकडे तीन-तीन इंच कमी. हे कपाट या खोलीत वळू शकतच नव्हतं. बाबा, काका, सेक्रेटरी, सगळ्या इमारतीने येऊन ढकललं तरी नाही.

ती ताडकन उठली आणि डोकं ओट्यावर आपटलं. डोकं धरूनच ती धावली.

“ढकलू नका! कोणीही ढकलू नका! जितकं ढकलाल तितकं घट्ट बसेल!”

“मग काय आरती ओवाळू?” बाबा काकांच्या बाह्यांमधून म्हणाले.

“ओढा! जितकं गुणलं तितक्यानेच भागायचं. बाबा, तुम्ही उजवा कोपरा तुमच्याकडे. काका, तुम्ही डावा तुमच्याकडे. एकाच वेळी. एकट्याने ओढलं तर फिरणार नाही, नुसतं घासेल.”

“धरायला काही नाही इथे!” पलीकडून आवाज आला.

“तुमचा पट्टा!”

पलीकडून काका म्हणाले, “मग पँट कशाने धरू?”

“दुसऱ्या हाताने,” काकू म्हणाल्या. “चाळीस वर्षं इंजिनं वळवली आहेत ना?”

बाबांनी कपाटाच्या पुढच्या पायाला टॉवेल बांधला, काकांनी मागच्या पायाला पट्टा. भिंगरी कपाटावर चढून शून्यावर मांडी घालून बसली. ते गणिताच्या दृष्टीने अनावश्यक होतं, पण तिला खालून बघवेना. “एक, दोन, ओढा!”

कर्र झालं, भिंतीचा एक पापुद्रा उडाला, आणि कपाट सुटलं. वीतभर परत फिरून ते आठ वर्षं जिथे होतं तिथे येऊन उभं राहिलं. बाबांनी धावत वरचा खण ओढला. तो अगदी लोण्यासारखा बाहेर आला. बाबांनी आपला सदरा छातीशी धरला आणि कपाटाच्या कडेवरून हात फिरवला.

काका स्टुलावरून कपाटावर आले, एका हाताने पँट धरून खाली उतरले आणि म्हणाले, “सांगितलं होतं ना, वळवीन म्हणून.”

“वळलं कुठे?” काकू म्हणाल्या. “होतं तिथेच आलं.”

तेव्हा आई बोलली. सकाळपासून ती जे बोलली नव्हती, ते. “मला एक सांगा. समजा, वळलं असतं. मग समोर भिंत दीड फुटावर. खण तीन फुटांचे. ते उघडले कुठे असते?”

सगळ्यांनी दीड फुटाकडे बघितलं.

“तू सकाळी का नाही बोललीस?” बाबा म्हणाले.

“मला वाटलं, गणितात ते धरलं असेल.”

काका-काकू आपल्या घरी गेले. जिन्यातून पट्टा कुठे राहिला यावरून त्यांचं भांडण ऐकू येत राहिलं. आईने खणातला अर्ज काढला, टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. भिंगरीला वाटलं होतं तशी ती जिंकल्यासारखी दिसत नव्हती. जरा दमल्यासारखी दिसत होती.

“ठरलं होतं ते ठरलं होतं,” ती हळूच म्हणाली. “कपाट वळलं नाही.”

“नाही वळलं,” भिंगरी म्हणाली. गुडघे खडूने पांढरे, कपाळावर टेंगूळ. पहिल्यांदाच ती एका जागी, न हलता उभी होती. “पैज मी हरले. शब्द पाळायला हवा, मला माहितीये. मी तो मोडते आहे, त्यासाठी काय शिक्षा करायची ती करा. पण आई, आज त्या कपाटाला चार जणांनी धक्के मारले आणि चौघांनाही वाटलं, जोर कमी पडतोय. का अडकलं, किती इंचांनी, म्हणजे दोन्हीकडे तीन-तीन इंचांनी अडकलं आणि कसं सुटेल, ते मला वहीत सापडलं. ज्या गुणाकारात माझे मार्क गेले होते, त्याच गुणाकारात.” तिने अर्ज उलटा करून आईकडे सरकवला, पेनासकट. “इथे दोन सह्या लागतात. तुझी हवी तर कर, बाबांचीही घे. माझी मिळणार नाही. मी गणित सोडत नाहीये.”

बाबांनी आईकडे बघितलं. आईने पेन उचललं, टोपण लावलं आणि विचारलं, “तीन इंच म्हणालीस ना? दाखव बरं कुठून आले.”